पाऊल कुणी पाहिलं?

ए-फोर आकाराचा एक कोरा कागद अंगणात जमिनीवर ठेवा. उभा ठेवा, म्हणजे त्याची लांब बाजू समोरच्या लक्ष्याकडे जाईल. आता चार पावलं मागे सरका. तिथून झपाझप पुढे या, शेवटच्या पावलाला कमरेतून वळा आणि हातातली प्लॅस्टिकची तबकडी सगळा जोर लावून सोडा. ती बोटांतून सुटते त्या क्षणी तुमचा पाय त्या कागदावर टेकलेला हवा आणि कागदाच्या पुढच्या कडेपलीकडे अंगठ्याचं टोकसुद्धा गेलेलं नको. जमलं? मग कागद उचलून ठेवा आणि हेच ओल्या गवतात, उतारावर, झाडांच्या मुळ्यांमधून करा. कागद होता ती जागा आता मनानेच धरायची आहे.

डिस्क गोल्फच्या नियमपुस्तकात फेक करताना पाय टेकण्यासाठी दिलेली जागा जवळजवळ एवढीच आहे: 20 सेंटीमीटर रुंद आणि 30 सेंटीमीटर लांब. या न दिसणाऱ्या आयतावरून अमेरिकेत आणि युरोपात खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. पाय पुढे पडला की नाही, बाजूला पडला की नाही, उडी मारताना तो आधी सुटला की तबकडी आधी सुटली. वरवर पाहता ही किरकोळ बाब वाटते. पण हा खेळ पंचांशिवाय खेळला जातो. एकमेकांची चूक एकमेकांनी सांगायची, यावर तो उभा आहे. त्यामुळे पायाचा वाद सेंटीमीटरपाशी थांबत नाही. कोणता नियम माणसाला डोळ्यांनी पाहून पाळता आणि पाळायला लावता येतो, या प्रश्नापर्यंत तो जातो. मला या वादात रस वाटतो तो यासाठी.

खेळ समजायला सोपा आहे. गोल्फसारखीच रचना, फक्त काठी-चेंडूऐवजी तबकडी आणि जमिनीतल्या भोकाऐवजी खांबावर बसवलेली, साखळ्या लोंबणारी लोखंडी बास्केट. पहिली फेक टी-पॅडवरून करायची, नंतरची प्रत्येक फेक आधीची तबकडी जिथे थांबली तिथून. कमीत कमी फेकींत बास्केट गाठेल तो जिंकला. पहिलं कायमस्वरूपी मैदान 1975 साली कॅलिफोर्नियातल्या ला कॅन्याडा फ्लिंट्रिज गावच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये झालं. नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी या बागेच्या अगदी शेजारी आहे. मैदान मांडणारा माणूस एड हेड्रिक. व्हॅम-ओ कंपनीत असताना त्याने फ्रिस्बीच्या पाठीवर वर्तुळाकार कंगोरे दिले आणि तिला सरळ, स्थिर उडायला शिकवलं. त्याचं पेटंट 1967 सालचं. 1976 मध्ये त्याने प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन, म्हणजे पीडीजीए, स्थापन केली आणि सभासद क्रमांक एक स्वतःकडे ठेवला. साखळ्यांच्या बास्केटचं पेटंट त्याला 1977 मध्ये मिळालं. 2002 साली तो वारला तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थींची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या ओतल्या गेल्या. आज जगभरात या खेळाची दहा हजारांहून अधिक मैदानं आहेत. त्यांतली बहुतेक सार्वजनिक बागांमध्ये आहेत आणि तिथे खेळायला सहसा पैसे पडत नाहीत. फिनलंड आणि एस्टोनियात तर हा घरोघरचा खेळ झाला आहे.

बागेत चालणारा, पैसे न लागणारा खेळ म्हटल्यावर पंच कुठून येणार? तीन-चार जणांचा गट एकत्र फिरतो. तेच प्रतिस्पर्धी, तेच सोबती आणि तेच एकमेकांचे न्यायाधीश. मोठ्या स्पर्धांत नियम-अधिकारी असतात, पण प्रत्येक गटामागे प्रत्येक फेकीला एक अधिकारी उभा राहील एवढी माणसं कुठल्याच स्पर्धेकडे नसतात.

आता नियम नीट पाहू, कारण वादातला निम्मा धूर नियम अर्धवट माहीत असल्याने होतो.

तबकडी जिथे थांबली तिथे एक खूण लागते. तीच तबकडी जागेवर ठेवून तिला खूण मानता येतं, किंवा तिच्या पुढे, तिला चिकटून, एक छोटी चकती ठेवायची आणि तबकडी उचलून घ्यायची. या छोट्या चकतीला सगळे मिनी म्हणतात. बास्केटच्या मध्यापासून खुणेच्या मध्यातून मागे जाणारी एक रेषा कल्पायची. खुणेच्या मागच्या कडेपासून, त्या रेषेवर मध्य धरून, तो 20 बाय 30 सेंटीमीटरचा आयत. फेक सुटताना शरीराचा निदान एक आधार या आयतात टेकलेला हवा आणि कुठलाही आधार खुणेच्या मागच्या कडेपेक्षा बास्केटच्या जवळ टेकलेला नको. आधार म्हणजे केवळ पाऊल नव्हे. गुडघा टेकला तर गुडघा, हात टेकला तर हात. फेक सुटल्यानंतर मात्र पाय खुशाल पुढे पडू द्या, वेगाने आलेलं अंग थांबायला जागा मागतंच. टी-पॅडवर हिशेब सोपा आहे: फेक सुटताना टेकलेलं सगळं पॅडच्या आत असावं. बाहेरून धावत आत यायला आणि फेकून झाल्यावर बाहेर जायला मोकळीक आहे.

बास्केटपासून दहा मीटरच्या आत नियम कडक होतो. तिथे फेकून झाल्यावरही पुढे पडायला मुभा नाही. तबकडी सुटल्यावर आपला तोल पूर्ण ताब्यात आहे हे दाखवायचं आणि मगच बास्केटकडे पाऊल टाकायचं. नाही दाखवता आलं तर चूक आणि एका फेकीचा दंड.

पूर्वी आयतही नव्हता. खुणेमागे 30 सेंटीमीटरची नुसती रेषा होती आणि पायाचा काही भाग त्या रेषेवर यावा अशी अपेक्षा होती. गेल्या दशकात तिला रुंदी मिळाली. हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो. धावत येणाऱ्या माणसाकडून जाडी नसलेल्या रेषेवर पाय टेकण्याची अपेक्षा करणं म्हणजे त्याला चुकायलाच लावणं होतं. पण रुंदी वाढल्याने वाद थांबला नाही. तो फक्त 20 सेंटीमीटरच्या दोन्ही कडांवर सरकला.

आता या पायाने खरंच काही फरक पडतो का? उत्तर दिशेप्रमाणे बदलतं आणि इथे बहुतेक वाद घालणारे चुकीच्या दिशेला पाहतात असं माझं मत आहे.

पुढे सरकण्याचा फायदा फार थोडा. मोकळ्या माळावर बास्केट 80 मीटर दूर असताना पाय दहा सेंटीमीटर पुढे पडला तर त्याने कुणाचं काय बिघडतं? उलट नियमच खेळाडूला याहून जास्त देऊन टाकतो. तबकडीचा व्यास 21 सेंटीमीटर किंवा किंचित जास्त असतो. मिनी तिच्या पुढे ठेवायची म्हटल्यावर खुणेची मागची कडा आपोआप तेवढी पुढे सरकली. म्हणजे 21 सेंटीमीटर उघड परवानगीने मिळतात आणि चवडा मिनीवर दोन सेंटीमीटर चढला तर दंड.

बास्केटजवळ आणखी एक गंमत आहे. नियम सांगतो की दुसरा पाय बास्केटच्या जास्त जवळ नको. जवळ-लांब मोजायचं ते बास्केटपासून, म्हणजे ती सीमा सरळ रेघ नसून वर्तुळाचा तुकडा असतो. बास्केट पाच मीटरवर असेल आणि एक पाय खुणेमागे ठेवून दुसरा बाजूला एक मीटर ताणला, तर तो पाय दहा सेंटीमीटर पुढे ठेवूनही नियमात बसतो. झाडाआडून वाकून फेकणारे अनुभवी खेळाडू ही जागा पुरेपूर वापरतात. नवख्या प्रतिस्पर्ध्याला मात्र तो पाय सरळ रेघेच्या पुढे दिसतो आणि तो आक्षेप घेतो. अशा वेळी आक्षेप घेणारा चुकलेला असतो आणि पाय ताणणारा बरोबर.

बाजूला सरकण्याचा हिशेब वेगळाच आहे. जंगलातल्या मैदानावर समोर दोन मीटरवर एक खोड उभं आहे असं धरा. तुम्ही 30 सेंटीमीटर बाजूला सरकलात की त्या खोडाला चाटून जाणारी वाट साधारण साडेआठ अंशांनी वळते. साठ मीटर पुढे गेल्यावर हा फरक नऊ मीटरचा होतो. बंद असलेली फट उघडते. जिथे तबकडी खोडावर आपटून पायाशी पडली असती तिथे ती बास्केटच्या अंगणात जाऊन बसते. म्हणजे आयताची लांबी हा शिस्तीचा भाग आहे, पण त्याची रुंदी हा न्यायाचा भाग आहे. एवढं असूनही तंटे होतात ते बहुतेक पुढच्या कडेवरून. कारण साधं आहे. पुढे गेलेला पाय खुणेच्या चकतीशेजारी ठळक दिसतो. बाजूला गेलेल्या पायासाठी बास्केटपासून येणारी रेषा मनात ओढावी लागते, आणि ती ओढायला फेकणाऱ्याच्या बरोबर मागे उभं राहावं लागतं.

सगळ्यात पेटणारा विषय मात्र वेगळा आहे: जंप पट. दहा मीटरच्या वर्तुळाबाहेर, साधारण वीस मीटरपर्यंत, बरेच खेळाडू जागेवरून उडी घेत तबकडी बास्केटकडे सोडतात. पायांचा जोर अंगातून हातात येतो, मनगटावर ताण न देता अंतर मिळतं. नियमाने हे चालतं, पण एका अटीवर. तबकडी सुटताना पाय आयतात टेकलेला हवा. पाय आधी सुटला आणि अंग हवेत असताना तबकडी सोडली, तर फेकीच्या क्षणी कुठलाच आधार आयतात नव्हता, म्हणून चूक. याचाच भाऊ म्हणजे स्टेप पट: तबकडी सोडत सोडत पाऊल पुढे टाकायचं. ते पाऊल तबकडी सुटल्यानंतर टेकलं तर ठीक, आधी टेकलं तर दंड.

आता हा क्षण पकडायचा कसा? डिस्क गोल्फच्या मोठ्या फेऱ्या हल्ली यूट्यूबवर उत्तम चित्रीकरणासह पाहायला मिळतात. त्यातले जंप पट हळू गतीने, थांबवत थांबवत पाहिले की नामवंतांच्या फेकींतही पाय जमिनीवरून उचललेला आणि तबकडी अजून बोटांत, अशी चित्रं सापडतात. आणि तरी शंका उरते. सेकंदाला 30 चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये सेकंदाचा तिसावा भाग निघून जातो. ताशी शंभर किलोमीटर वेगाने निघालेली तबकडी तेवढ्या वेळात 90 सेंटीमीटरहून जास्त पुढे जाते. पट करताना वेग बराच कमी असतो, पण अडचण तीच. एका चित्रात पाय टेकलेला आणि तबकडी हातात, पुढच्या चित्रात पाय वर आणि तबकडी हवेत. आधी काय घडलं? सेकंदाला 240 चित्रं घेणारा फोन असेल तर कदाचित सांगता येईल. सहा पावलांवर उभ्या असलेल्या, उन्हात डोळे बारीक केलेल्या माणसाला ते कसं सांगता यावं?

त्यात दोन गोष्टी दोन ठिकाणी घडतात. तबकडी सुटते ती खांद्याच्या उंचीवर, पाय सुटतो तो जमिनीवर. डोळ्याची नजर एका वेळी एकाच ठिकाणी रुतते. पावलाकडे पाहिलं तर तबकडी कधी सुटली ते दिसत नाही, तबकडीकडे पाहिलं तर पाऊल दिसत नाही. आणि माणसाची ओढ तबकडीकडेच असते. 2021 सालची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आठवा, युटा राज्यातल्या ऑग्डनची. शेवटच्या, अठराव्या होलवर (म्हणजे अठराव्या बास्केटच्या टप्प्यावर) जेम्स कॉनराडने 247 फुटांवरून, म्हणजे सुमारे 75 मीटरवरून, तबकडी थेट साखळ्यांत घातली, पॉल मॅकबेथशी बरोबरी साधली आणि मग प्लेऑफमध्ये विजेतेपदही घेतलं. या खेळाच्या इतिहासातली सगळ्यात जास्त पाहिली गेलेली फेक बहुधा तीच असेल. मैदानावरच्या गर्दीतला प्रत्येक जण तबकडीचं वळण पाहत होता, श्वास रोखून. त्या क्षणी कॉनराडच्या पावलाकडे पाहावं असं कुणाला सुचलं असतं? त्याच्या फेकीत काही खोट होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. अशा क्षणी पावलावर नजर ठेवणं माणसाच्या स्वभावातच नाही, एवढंच म्हणायचं आहे.

नियम करणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक आहे. त्यांनी दंड बदलून पाहिला. आधी पद्धत अशी होती: चूक झाल्यापासून तीन सेकंदांत ती मोठ्याने सांगायची, गटातल्या दुसऱ्या कुणी दुजोरा द्यायचा, पहिल्या चुकीला ताकीद आणि त्याच जागेवरून पुन्हा फेक. त्यानंतरच्या चुकीला दंड. यात एक भोक होतं. वाईट फेकीवर चूक निघाली तर पुन्हा फेकायची संधी मिळायची, म्हणजे चूक करणाऱ्याचाच फायदा. झाडात घुसलेली फेक पाय चुकल्याच्या नावाखाली पुसून टाकता येई. आताच्या नियमात ताकीद नाही आणि पुन्हा फेकही नाही. चूक सिद्ध झाली की एका फेकीचा दंड, आणि तबकडी जिथे पडली तिथून पुढचा खेळ. भोक बुजलं. पण पहिल्याच चुकीला दंड आल्याने चूक सांगणाऱ्याच्या जिभेवरचं ओझं वाढलं. ताकीद द्यायला एक मन लागतं, मित्राच्या खात्यावर एक फेक चढवायला दुसरं.

या वादाचा खरा गाभा इथे आहे आणि तो पायाशी संबंधित नाही. गटात चार जण. तिघांचं लक्ष तबकडीवर. चौथ्याला वाटलं की पाय पुढे पडला. त्याने बोलायचं ठरवलं तरी दुजोरा लागतो, आणि उरलेले दोघं प्रामाणिकपणे सांगतात की आम्ही पाहिलं नाही. आक्षेप तिथेच संपतो, पण आक्षेप घेणारा उरलेल्या फेरीत कुजका म्हणून ओळखला जातो. पुढच्या वेळी तो गप्प बसतो. त्याच्यासारखे सगळेच गप्प बसायला शिकतात. हळूहळू नियम पुस्तकात राहतो आणि मैदानावर दुसराच, न लिहिलेला नियम लागू होतो: फारच ढळढळीत असेल तर बोलायचं, नाही तर सोडून द्यायचं.

सोडून देणं समजूतदारपणाचं वाटतं. मी त्याच्या विरोधात आहे. सतरा होल सोडून दिलेला नियम अठराव्या होलवर, एका फेकीचा फरक असताना आठवला, तर तो नियम राहत नाही, हत्यार होतं. ज्याच्यावर ते चालतं त्याचा प्रश्न रास्त असतो: सकाळपासून मी असाच पाय टाकतोय, तेव्हा तू कुठे होतास? आणि त्याला उत्तर नसतं. निवडून लावलेला नियम हा नियम नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यात सभ्य माणूस नेहमी हरतो. जो आयत पाळण्यासाठी धावच आखूड करतो, जागेवर उभा राहून फेकतो आणि 15 मीटर अंतर गमावतो, त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत कुणी मोजत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं अनोळखी वाटायला नको. पायाच्या एका चुकीने काय होतं ते मुंबईने 31 मार्च 2016 च्या रात्री वानखेडेवर पाहिलं आहे. टी-ट्वेंटी विश्वचषकाची उपांत्य फेरी, भारताच्या 192 धावा. लेंडल सिमन्स 18 वर असताना अश्विनच्या चेंडूवर झेल गेला, नो-बॉल. पन्नासवर असताना हार्दिक पंड्याच्या चेंडूवर पुन्हा झेल, पुन्हा नो-बॉल. सिमन्सने नाबाद 82 धावा केल्या आणि वेस्ट इंडीजने सामना काढला. पुढच्याच वर्षी चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात बुमराच्या नो-बॉलने फखर झमान तीन धावांवर वाचला आणि 114 करून गेला.

पण क्रिकेटकडून शिकण्यासारखं आहे ते या सामन्यांपेक्षा जुनं. एके काळी नो-बॉल मागच्या पायावर ठरत असे. गोलंदाज मागचा पाय रेषेमागे टेकवत आणि मग तो फरफटत पुढे नेत. 1958-59 च्या अॅशेस मालिकेत ऑस्ट्रेलियाचा उंचापुरा गॉर्डन रोर्क याबद्दल गाजला. चेंडू सुटण्याच्या क्षणी पाय फरफटत कुठवर आला होता, हे पंचाला उघड्या डोळ्यांनी ठरवणं अशक्य झालं. म्हणून साठच्या दशकात नियम पुढच्या पायावर आला. पुढच्या पायाच्या नियमात चेंडू सुटण्याच्या क्षणाचा प्रश्नच नाही. पाय टेकला तेव्हा त्याचा काही भाग रेषेमागे होता की नाही, एवढंच पाहायचं. नंतर तो घसरून पुढे गेला तरी हरकत नाही. डॉन ब्रॅडमन आणि रिची बेनॉ यांच्यासारख्या जाणत्यांना हा बदल आवडला नव्हता, आणि त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते. पंचाची नजर खाली जाते, फलंदाजाला हाक उशिरा ऐकू येते. तरीही नियम टिकला, कारण दोन क्षण जुळले की नाही हे ओळखण्यापेक्षा पाय कुठे टेकला हे पाहणं माणसाला जमतं.

तेही पूर्ण जमत नाही म्हणा. 28 मार्च 2019 ला बंगळुरूत मुंबई इंडियन्सच्या मलिंगाने टाकलेला शेवटचा चेंडू नो-बॉल होता, पंचांच्या ते लक्षात आलं नाही आणि सामना मुंबईच्या नावावर गेला. 2020 च्या महिला टी-ट्वेंटी विश्वचषकापासून पुढच्या पायाचा नो-बॉल पाहायचं काम तिसऱ्या पंचाकडे देण्यात आलं. क्रिकेटकडे पैसा आहे, कॅमेरे आहेत आणि जमिनीवर पांढरी रेषा आहे. भालाफेकीतही धावपट्टीच्या शेवटी पांढरी कमान आखलेली असते आणि शेजारी झेंडा घेतलेला पंच असतो. पॅरिसला 2024 मध्ये नीरज चोप्राच्या सहापैकी पाच फेकी अवैध ठरल्या आणि उरलेल्या एका 89.45 मीटरच्या फेकीवर त्याने रौप्यपदक घेतलं. कुणी तंटा केला नाही. रेषा सगळ्यांना दिसत होती.

कबड्डीचं उदाहरण तर अधिकच जवळचं. बोनस गुण घेताना चढाई करणाऱ्याचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि त्याच वेळी दुसरा पाय हवेत लागतो. डिस्क गोल्फला हवेतला पाय नको, कबड्डीला तो हवा, पण दोन्हीकडे मागणी एकच: दोन गोष्टी एकाच क्षणी घडलेल्या दिसल्या पाहिजेत. मातीच्या मैदानांवर बोनसवरून किती सामने थांबले हे खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण तिथे निदान फक्कीने आखलेली रेषा होती, तिच्यावर डोळे लावून बसलेला रेषापंच होता, आणि दोन्ही पाय एकाच नजरेत मावत होते. डिस्क गोल्फने रेषा न आखता, पंच न देता, हात आणि पाय अशा दोन टोकांना घडणाऱ्या गोष्टींचा मेळ खेळाडूंनाच तपासायला सांगितलं आहे. हे ओझं माणसाच्या डोळ्यांना पेलणारं नाही.

मग करायचं काय? एक बाजू म्हणते, नियम सोडून द्या. उडी घेताना अंग सेकंदाला दोन मीटर वेगाने पुढे जात असेल आणि पाय सेकंदाचा विसावा भाग आधी सुटला, तर मिळालं किती? दहा सेंटीमीटर. मिनी याच्या दुप्पट देते. या हिशेबात चूक नाही. पण नियम काढूनच टाकला तर उडीच्या आधी धाव येईल, धावेआधी आणखी धाव, आणि बास्केटजवळचा शांत, तोल सांभाळण्याचा खेळ नाहीसा होईल. दुसरी बाजू म्हणते, नियम आहे तसाच ठेवा आणि कडकपणे लावा. पण न दिसणारी गोष्ट कडकपणे लावता येत नाही, ती फक्त मनमानीने लावता येते.

माझं मत असं. दहा मीटरच्या आतला नियम या खेळातला सगळ्यात चांगला नियम आहे, कारण तो डोळ्यांना दिसतो. माणूस तोल सावरून उभा आहे की पुढे झुकतोय हे लहान मूलही सांगेल. तिथे भांडणं कमी होतात. हे वर्तुळ वीस मीटरपर्यंत वाढवावं अशी सूचना खेळाडूंमध्ये अधूनमधून चर्चेला येते आणि मला ती पटते. जंप पट जाईल, काही देखण्या फेकी जातील, ज्यांनी वर्षं घालवून ही उडी घोटवली त्यांना त्रास होईल. मनगटात जोर कमी असलेल्या खेळाडूंना ही उडी आधार देते, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. त्यांचं अंतर थोडं घटेल. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजलं जाईल, आणि आज ते होत नाही.

वीस मीटरपलीकडे, धावत येऊन फेकण्याच्या बाबतीत, क्रिकेटने केलं तेच करावं. क्षण सोडून द्यावा, जागा धरावी. फेकीआधी शेवटचा टेकलेला पाय आयतात टेकला होता का, एवढं एकच पाहायचं. तबकडी सुटताना तो अजून जमिनीवर होता की टाच उचलली होती, हे विचारायचं नाही. यातून कुणी हवेत अर्धं पाऊल जास्त मिळवेल, मिळवू दे. पुढच्या मिळकतीने फार काही होत नाही हे वर दिसलंच आहे. बाजूची कडा मात्र सैल सोडू नये, झाडांमधल्या मैदानावर न्याय तिथे ठरतो. आणि ती पाहायची तर कुणी तरी फेकणाऱ्याच्या मागे, रेषेत उभं राहिलं पाहिजे.

हे कुणी तरी म्हणजे कोण, याचं उत्तर आज नियमपुस्तकात नाही आणि तीच त्याची सगळ्यात मोठी उणीव आहे. प्रत्येक फेकीला गटातल्या एकावर पावलाकडे पाहण्याची जबाबदारी पाळीपाळीने असावी. त्याने तबकडी पाहायची नाही. त्याने चूक सांगितली तर ती त्याची आगाऊगिरी ठरणार नाही, कारण ते त्या फेकीपुरतं त्याचं कामच असेल. दुजोऱ्याची अट त्याच्यापुरती शिथिल करावी. आज चूक सांगणारा माणूस आपणहून वाईटपणा घेतो. पाळी ठरली की तो वाईटपणा चौघांत वाटला जाईल आणि मग तो वाईटपणा राहणार नाही.

मुंबई-पुण्यात अल्टिमेट खेळणारी मुलं-मुली हे वाचत असतील तर त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. त्यांचाही खेळ तबकडीचा, त्यांच्याकडेही पंच नाही. तबकडी हातात असताना एक पाय जागेवर रोवून ठेवायचा, तो हलला तर समोरच्याने सांगायचं, आणि सांगणाऱ्यावर कुणी डोळे वटारायचे नाहीत, हे त्यांना पहिल्या आठवड्यात शिकवलं जातं. डिस्क गोल्फमध्ये हे शिकवणं राहून गेलं, कारण तिथे प्रत्येक जण आपापल्या तबकडीमागे एकटा चालतो.

वर्तुळ वाढवायला आणि नियमाचे शब्द बदलायला पीडीजीएची नियम समिती लागेल, त्यात वर्षं जातील. पाळीने पावलाकडे पाहायला कुणाचीही परवानगी लागत नाही. पहिल्या टी-पॅडवर उभं राहून चौघांनी आपसात ठरवलं की झालं. प्रत्येक गटाने पुढच्या फेरीपासून ते ठरवावं.